कवळीवाल्यांचा पाइप

आमच्या जावयांना एक वाईट खोड आहे. समोरचं माणूस बोलायला लागलं की हे त्याच्या डोळ्यांकडे न बघता जबड्याकडे बघतात. लग्नाचं बोलायला आले तेव्हाही माझ्या लेकीकडे कमी आणि माझ्या हिरड्यांकडे जास्त बघत होते. कवळ्या करण्याच्या कारखान्यात कामाला होते, म्हणून मी सोडून दिलं. पुढं मलाही एक कवळी करून दिली. ती बरी आहे.

एकोणीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे दात घडवले. मग एका म्हाताऱ्याची तक्रार आली, की तंबाखूचा पाइप ओढताना कवळी निसटते. मालक म्हणाला, पाइप सोडायला सांगा. जावयांनी कवळीला हात न लावता पाइपची दांडीच कानशीनं घासून दिली. म्हातारा खूश. त्यानं आणखी चार बोळकी पाठवली. तिथून यांच्या डोक्यात शिरलं, की नुसती दांडीच का, अख्खा पाइप करू. आणि एके दिवशी नोकरी सोडून घरी आले, कोणी छत्री विसरून यावं तसे.

दोघं राहतात माझ्याकडेच, म्हणून माझ्या मागच्या खोलीत लाकूड कातायचा लेथ आला. कुठल्याशा झुडपाच्या मुळांच्या गाठी आल्या; ते लाकूड विस्तवाला दाद देत नाही म्हणे. पहिल्या पाइपांत धुराचं भोक तंबाखूच्या वाटीच्या तळाशी न निघता भलतीकडेच निघालं. वर्षभर चहातसुद्धा भुसा. शेवटी हात बसला, पाइप देखणे व्हायला लागले. घेणारा मात्र एकच, बाजारातला पाइपचा दुकानदार. त्यालाही कवळी होती. तो म्हणाला, "देखणे माझ्याकडे कपाटभर पडलेत. हात न लावता तोंडात राहिला तर बोला. शनिवारपर्यंत."

लेक म्हणाली, "शनिवारी नाही म्हणाला, तर सोमवारी कारखान्यात. मी मालकांशी बोललेय."

जावई प्लास्टरच्या जबड्यात पाइप अडकवून बघत बसले. तिथं तो घट्ट बसायचा. दुसऱ्या दिवशी माझ्या कपाशेजारी एक कोरा पाइप.

"हे काय?"

"काही नाही, आई. ठेवलाय नुसता."

"मी तोंडात धरून बघू, असंच ना?"

"घरात कवळी तुम्हालाच आहे."

"हळू बोला. शेजारणीला वाटतं माझे दात खरे आहेत."

"नाही वाटत त्यांना, आई."

मी दार लावून घेतलं आणि धरला. समोरच्या दातांत धरला तशी मागून कवळी उचलली. प्लास्टरच्या जबड्यात दात हलत नाहीत, माणसाच्या हिरडीवर हलतात, एवढं या माणसाला कळू नये? शंभर जणांच्या चपला शिवून स्वतः अनवाणी फिरलेला.

"समोरून कोण चावतं?" मी म्हटलं. "आम्ही कवळीवाले सगळं बाजूलाच धरतो, सुळ्याच्या मागं. आणि हे तुमचं लाकूड पुढं ओढतंय, दावं तोडणाऱ्या वासरासारखं."

ते मान खाली घालून कामाला लागले. दांडी वाकवली, म्हणजे वजन हनुवटीकडं आलं. तोंडात धरायचं टोक रुंद आणि पातळ केलं. वाटी बाहेरून इतकी घासली की मला वाटलं आता आरपार जाते. मी भाजी निवडताना धरला, पडला. दुसरा केला, तो शिंकेसरशी गेला. तिसरा तोंडात धरून मी लेकीला पुरतं झापलं, तरी जागचा हलला नाही.

शनिवारी मीही दुकानात गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं. दुकानदारानं सवयीनं पाइप समोरच्या दातांत धरला.

"बाजूला," मी म्हटलं.

"बाई, मी चाळीस वर्षं ओढतोय."

"आणि कवळी किती वर्षांची?"

त्यानं पाइप बाजूला सरकवला. तेवढ्यात माल घेऊन आलेल्या माणसाशी त्याचं वाजलं. खोकं दुसऱ्याचंच आलं होतं. बराच वेळ तो दोन्ही हात नाचवत भांडला. भांडण संपल्यावर त्याला आठवलं की तोंडात पाइप आहे.

"असेच आणखी सहा आणा," तो म्हणाला. "ते गेले की पुढचे सांगतो."

बाहेर आल्यावर जावई रस्त्यातच थांबले. "आई, कारखान्यात विचारून ठेवू का? अर्धी पाळी तरी. सहा पाइपांवर काय घर चालतंय?"

"जावईबापू, दात माणूस नाइलाजानं घालतो. पाइप हौसेनं धरतो, आणि हौसेचं माणूस पुन्हा दारात येतं. सोमवारी लेथपाशी उभं राहायचं. लेकीशी मी बोलते."