हिरव्या गाडीचा हँडब्रेक

साठीला दोन वर्षं उरलेली असताना डॉक्टरांनी अकराशे किलोमीटरवरच्या एका शहरातली जुनी मोटार विकत घेतली. दातांचा दवाखाना बरा चालत होता, मुली मार्गी लागल्या होत्या. बायकोला वाटलं, म्हातारचळ. मित्रांना वाटलं, हौस. डॉक्टरांनी दोघांनाही तसं वाटू दिलं.

पण ती गाडी त्यांच्या वडिलांची होती. गर्द हिरवी, गोल दिव्यांची, जुन्या गाड्या जमवणाऱ्या लोकांनी आता डोक्यावर घेतलेली. जाहिरातीतल्या फोटोत मागच्या दाराच्या आतल्या बाजूला ब्लेडनं कोरलेलं वेडंवाकडं जहाज दिसलं आणि डॉक्टरांनी फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. जहाज धाकट्या भावानं कोरलेलं होतं, नऊ वर्षांचा असताना.

धाकट्याचं स्वतःचं गॅरेज होतं आणि गाड्या वाहून न्यायचा एक ट्रकही होता. डॉक्टरांनी त्याला फोन केला.

"कशाला ती अवदसा परत घरात?" धाकटा म्हणाला. मग जरा थांबून, "आणायचीच असेल तर दुसऱ्या कुणाला सांगू नकोस, दादा. लोक पट्टे कसेही बांधतात. मीच येतो."

धाकट्याचा सगळा जन्म असा 'कसेही' या शब्दाच्या धाकात गेला होता. दाराची कडी लावली तरी तो परत जाऊन हात लावून बघायचा. गिऱ्हाइकाच्या गाडीचं चाक बसवलं की प्रत्येक नट दोनदा आवळायचा. घरात यावरून थट्टा चालायची, पण जपून. कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी एका रविवारी वडिलांनी धाकट्याला गाडी धुवायला सांगितली होती. घरापुढचा रस्ता उताराचा. अकरा वर्षांच्या धाकट्यानं गाडी धुतली, ब्रेक ओढला आणि बादली ठेवायला तो आत गेला. तेवढ्यात गाडी निघाली. फाटकापाशी आत्या उभी होती, वडिलांची बहीण, शाळेत खेळ शिकवणारी. फाटकाचा खांब आणि गाडी यांच्यामध्ये तिचा उजवा गुडघा सापडला. त्यानंतर ती काठीशिवाय कधी चालली नाही आणि मैदानावर कधी गेली नाही.

"शेवटी हात कुणी लावला होता?" वडिलांनी विचारलं.

"मी," धाकटा म्हणाला. "मी ब्रेक ओढला होता."

"नीट ओढला नाहीस!" आणि एक मुस्काटात बसली.

पंधरा वर्षांचा मोठा, म्हणजे आजचे डॉक्टर, तिथेच उभा होता. धाकटा आत गेल्यावर मोठा गाडीत शिरला होता. स्टिअरिंग हातात धरून तोंडानं इंजिनाचे आवाज काढत त्यानं ब्रेक सोडला होता, गाडी हलली तेव्हा घाबरून उडी मारली होती आणि घराच्या मागच्या बाजूला पळाला होता. आता सांगतो, आता सांगतो, असं म्हणत तो उभा राहिला. मग आत्याला दवाखान्यात नेलं. मग रात्र झाली. मग परीक्षा आली. पुढे शिकायला तो दूर गेला, आणि न सांगितलेली गोष्ट घरात खरी होऊन बसली. धाकट्यानं बाहेरगावची चांगली नोकरी सोडली, आत्यापाशी राहिला. तिला आंघोळीला नेणं, गुडघ्याला शेक देणं, शेवटच्या दीड वर्षात कूस बदलून देणं, सगळं त्यानं केलं. आत्या गेल्या वर्षी गेली.

गाडी धाकट्याला द्यायची, असं डॉक्टरांनी मनाशी ठरवलं होतं. त्या वेळी आपण हे सांगूनही टाकू, असंही ठरवलं होतं. ठरवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

विकणारे गृहस्थ म्हणजे औषधाच्या दुकानातून निवृत्त झालेले एक नीटनेटके म्हातारे. गाडी त्यांनी तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. धाकटा कागद घालून गाडीखाली शिरला, अर्धा तास तिथेच होता. बाहेर आला तो थेट ब्रेकपाशी. या गाडीचा ब्रेक दोन सीटांच्या मध्ये नव्हता, समोरच्या फळीखाली होता, छत्रीच्या मुठीसारखा.

"हा घसरतो का हो?" धाकट्यानं विचारलं.

"छे! आतल्या पट्टीचे दात झिजले तर गोष्ट वेगळी, पण याचे अजून कोरे आहेत. कधी बदललेलेच नाहीत," म्हातारे कौतुकानं म्हणाले. "अर्धवट ओढा, पूर्ण ओढा, जिथे ओढला तिथे अडकून राहतो. मूठ पिळल्याशिवाय सुटत नाही. लहान मुलाला तर दोन्ही हातांनी पिळावी लागेल."

धाकट्यानं मूठ ओढली. पिळली. सोडली. पुन्हा ओढली. असं सात-आठ वेळा केलं. डॉक्टर घराच्या खिडकीशी जाऊन कुंडीतलं रोप बघत बसले. रोप कसलं होतं, हे त्यांना आजही सांगता येणार नाही.

गाडी ट्रकवर चढली. चाकांपुढे ठोकळे, चारी बाजूंनी पट्टे. दोघे निघाले. ऐंशी किलोमीटर मागे पडले. मग धाकटा म्हणाला, "दादा, मी ओढला होता. तेव्हा कटकट आवाज आलेला मला आठवतो. मग मीच स्वतःला पटवलं, की नसेल आला."

"पुढे कुठेतरी थांबव," डॉक्टर म्हणाले.

रस्त्याकडेच्या चहाच्या दुकानापाशी ट्रक थांबला. भर दुपार. डॉक्टरांनी खाली उतरून, उभ्या उभ्याच सांगितलं. सजवलं नाही, वय पुढे केलं नाही. सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

धाकटा ऐकत होता. चहा देणाऱ्या बाईनं दोन पेले आणून ठेवले, ते तसेच राहिले.

"आत्याला सांगितलंस?"

"नाही."

"कधीच?"

"नाही रे."

धाकट्यानं तोंडावरून हात फिरवला. "जायच्या आदल्या दिवशी तिनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, तुझ्यावर माझा राग नाही हो, कधीच नव्हता. मी लहान पोरासारखा रडलो, दादा. ती माफी तुझी होती. मी घेऊन बसलो. आता तुला द्यायची म्हटली तरी देता येत नाही."

"मला मार," डॉक्टर म्हणाले.

"मारून काय होणार आहे? तुला बरं वाटेल."

"ही गाडी तुझ्यासाठीच घेतलीय."

"मला नको!" पहिल्यांदाच धाकट्याचा आवाज चढला. दुकानातली बाई वळून बघायला लागली. तो पुन्हा हळू झाला. "चोराच्या हातची लंगोटी म्हणून घेऊ? माझ्या घरी चल. माझ्या बायकोला सांग. लग्न झाल्यापासून ती हेच ऐकत आलीय, की माझ्या हातून आत्या अधू झाली. माझ्या पोरीलाही तेच माहीत आहे. मी सांगणार नाही. तू सांग."

उरलेला प्रवास दीड दिवसाचा होता. धाकटा नेमानं थांबायचा, पट्टे बघायचा, डॉक्टरांना पाण्याची बाटली द्यायचा. बोलला फक्त कामापुरतं. त्याची ती सवयीची माया डॉक्टरांना शिवीपेक्षा जास्त लागत होती.

धाकट्याची बायको इस्त्री करत होती. तिनं हसून, "या भावोजी," म्हटलं. धाकटा आत आलाच नाही, ट्रकपाशी थांबला. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. या वेळी ते अडखळले.

तिनं इस्त्री उभी करून ठेवली.

"आत्यांच्या शेवटच्या दिवसांत हे जागून जागून चिडायचे," ती म्हणाली. "तेव्हा मी एकदा यांना म्हणाले होते, तुमच्याच हातचं आहे, भोगा. भावोजी, हे मी बोलले. तुमच्यामुळे बोलले."

डॉक्टरांनी मान खाली घातली. ती पदर खोचून बाहेर गेली. खिडकीतून त्यांना दिसलं, की ती धाकट्यासमोर उभी आहे, काहीतरी बोलतेय, आणि धाकटा नुसता मान हलवतोय, नाही नाही म्हणून. मग तिनं त्याचा हात धरला. डॉक्टरांना कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही.

संध्याकाळी धाकट्यानं गाडी डॉक्टरांच्या घरी उतरवली, किल्ली वहिनीच्या हातात दिली आणि चहा न घेता गेला. त्याच दिवशी डॉक्टरांनी आपल्या बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही मला आत्यांच्या अंत्यविधीला काय म्हणाला होतात, आठवतंय? धाकट्यानं प्रायश्चित्त घेतलं, म्हणालात." डॉक्टरांना आठवत होतं.

दोन महिने धाकट्याकडून फोन नव्हता. मग पुतणीचा आला.

"काका, आईनं सांगितलं मला. पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. रविवारी या."

डॉक्टर गेले. तिसऱ्यांदा, पहिल्यापासून सांगितलं. पुतणीनं मध्येच थांबवून प्रश्न विचारले, अवघड विचारले, आणि त्यांनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. या वेळी धाकटाही खोलीत बसून होता. तो एका शब्दानं बोलला नाही, पण शेवटपर्यंत उठूनही गेला नाही.