देव्हाऱ्यातली कॅसेट

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला कधी हातात धरलं नसेल. मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. काळी पेटी, आत दोन चाकं, आणि चाकांना गुंडाळलेली जवळपास अडीचशे मीटर फीत. त्या फितीवर लोखंडाच्या गंजाची बारीक भुकटी असते. दाराच्या कडीवरून तुम्ही घासून काढता ना, त्याच जातीचा गंज. त्यात माणसाचं हसू राहतं. कसं राहतं, ते मला अजून उलगडलेलं नाही. मला हात नाहीत, नाहीतर मी ते जोडले असते.

१९९२ साली जांभूळ गावात भागीरथीच्या लग्नात मी भरले. शूटिंगवाल्याच्या खांद्यावर कॅमेरा होता, त्यात मी. हळदीच्या दिवशी भागीरथीची आई इंदुबाई जात्यावर बसली आणि ओव्या म्हणू लागली. तिचा आवाज माझ्या फितीच्या अगदी कडेला, दोऱ्याएवढ्या पट्टीवर उतरला.

पहिल्या वर्षी भाड्याचा व्हीसीआर आणून मला अकरा वेळा पाहिलं गेलं. चार वर्षांनी इंदुबाई गेली. पुढे भाड्याने व्हीसीआर मिळेनासे झाले. भागीरथीने मला अंबरनाथ पश्चिमेच्या आपल्या घरात, देव्हाऱ्यात ठेवलं. तिचा नेम होता. सकाळी अंघोळ करून माझ्यावर तीर्थाचा थेंब, हळदकुंकू, एक फूल, उदबत्ती. मला हात लावल्याशिवाय ती चहा घेत नसे. मला केवढा मान वाटायचा. पण मित्रांनो, इतक्या वर्षांत माझं चाक एकदाही फिरलं नाही.

२००७ साली तिच्या मुलीने, तेरा वर्षांच्या प्रीतीने, सहज विचारलं, "आई, आजीचा आवाज कसा होता गं?"

"गोड होता."

"गोड म्हणजे कसा? बारीक, का जाडा?"

भागीरथी बोलायला गेली आणि थांबली. तिला आठवेना. तिने मला देव्हाऱ्यातून उचललं. दुसऱ्या दिवशी मायलेकी मला घेऊन रिक्षाने उल्हासनगरला सुदामच्या दुकानात आल्या. कॅसेटवरून डीव्हीडी करून देण्यात त्याचं नाव होतं.

सुदामने मला उजेडात धरलं. "ताई, हे पांढरं काय आहे?"

"विभूती असेल," भागीरथी हळूच म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी दिसायला लागली. मला वाटलं, कृपा झाली."

"बुरशी आहे ताई. ओल गेलीय आत. कुंकू पण आहे, उदबत्तीची राख पण आहे." तो जरा हसला. "पूजा एकदम फर्स्टक्लास केलीत. कॅसेट मेली त्यात."

भागीरथीने मान खाली घातली. "आवाज येईल ना, भाऊ?"

"चित्र येईल. आवाजाची गॅरंटी नाय देत. तो कडेला असतो, आणि ओल कडेनेच शिरते. सहा दिवस द्या, घाई करायची नाय."

"काका, सगळं एकाच डीव्हीडीत बसवा हं," प्रीती म्हणाली.

"बसेल की. मग आजीच्या तोंडावर चौकोन चौकोन दिसतील. एका तासाला एक डीव्हीडी. चित्र नीट पाहिजे, तर त्याला जागा द्यावी लागते."

सुदामने माझे पाच स्क्रू काढले. ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत मला बंद डब्यात सुकवलं. मग हाताने चाक फिरवत, वीत वीत फीत मऊ कापडाने पुसली आणि मला नव्या पेटीत घातलं. इतक्या हलक्या हाताने मला देव्हाऱ्यातही कोणी स्पर्श केला नव्हता.

सहाव्या दिवशी मायलेकी आल्या.

"काका, लवकर करा," प्रीती म्हणाली. "आई कॅसेटला हात लावल्याशिवाय चहा घेत नाही. सहा दिवस झाले, डोकं धरून बसलीय."

"अहो ताई, मग रोज येऊन हात लावून जायचं. मी काय तिकीट लावलं असतं?"

त्याने मला मशीनमध्ये घातलं. पडद्यावर आडव्या रेघा आल्या, थरथरल्या, स्थिर झाल्या. आणि मित्रांनो, माझ्या पोटात काय आहे ते मी नव्या नजरेने पाहिलं. मांडव. हिरवा चुडा. जात्यावर वाकलेली इंदुबाई, तिच्या कपाळावरचा घामसुद्धा चमकत होता. तिचे ओठ हलत होते.

आवाज नव्हता.

भागीरथीने पदराचं टोक मुठीत धरलं.  सुदामने मला बाहेर काढलं, कड पुन्हा पुसली, मशीनमधला आवाज वाचणारा तुकडा साफ केला, एक बारीकसा स्क्रू केसभर फिरवला. मला पुन्हा आत घातलं.

आधी जात्याची घरघर आली. मग तिच्यातून वर येत, बारीकही नाही आणि जाडाही नाही, असा जरा खरखरीत आवाज. प्रीतीने आईचा हात घट्ट धरला. ओवी मध्येच थांबली. इंदुबाईने वर पाहिलं, थेट कॅमेऱ्याच्या मागे बसलेल्या नवरीकडे.

"भागे, सकाळधरनं उपाशी हायेस. घोटभर चा घे आधी. देव काय रागवत न्हाय."

 अकरा वर्षांपूर्वी गेलेली बाई बोलत होती, आणि ते मी, गंजाची भुकटी, सांभाळून ठेवलं होतं.

"घेते गं आई," भागीरथी पडद्याला म्हणाली.

सुदामने बाहेर डोकं काढून तीन कटिंग सांगितले. मला हात न लावता तिने चहा घेतला.

आता मी कपाटात, कोरड्या डब्यात उभी असते. तीन डीव्हीडी झाल्या. त्यांचा दुसरा संच जांभूळला प्रीतीच्या मामाकडे आहे. देव्हाऱ्यात माझ्या जागी रोज एक फूल असतं, ते पुरेसं आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी माळ्यावर माझी एखादी बहीण असेल. तिला नमस्कार करू नका. तिला कोरडी ठेवा, वेळेवर जाणत्या हातात द्या, आणि ऐका. आत कोणीतरी कधीपासून तुम्हाला विचारत असेल, जेवलात का म्हणून.