चिंधी बांधलेली किटली

रहिमुन्निसानं स्टुलावर चढून काळी किटली माळ्यावर सरकवली आणि वर गोणपाट टाकलं. मग काचेच्या कपाटातून मस्कतची सोनेरी कडेची कपबशी बाहेर घेतली. पाहुण्यांशिवाय ती कधी खाली उतरली नव्हती. पडवीत बसलेल्या नवऱ्यासमोर तिनं ती मांडली.

"आता याचं चित्र काढा."

इसहाकनं ब्रश पाण्यात बुचकळला आणि तसाच हातात धरून बसला.

उमेदीची सगळी वर्षं मस्कतला घालवून माणूस घरी आला. वाटलं, आराम करील, चार लोकांत उठेल-बसेल. ह्यानं अलिबागहून रंग आणले. आणि रंगवलं काय, तर पायपुसणं. मग मिठाची बरणी. मग सुक्या जवळ्याचं टोपलं. सून अनम ती चित्रं कौतुकानं मोबाइलच्या स्टेटसला लावायची, आणि थळपासून मस्कतपर्यंत सगळ्या गोतावळ्याला रहिमुन्निसाचं पायपुसणं दिसायचं. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हाताऱ्याचं डोकं तर फिरलं नाही ना? आणि फिरलं नसेल, तर आणखी वाईट. इतकी वर्षं वाट तिनं पाहिली, आणि हा तासन्‌तास बघत बसतो बरणीकडं.

"काय झालं? आवडली नाही?"

"ही मीच पाठवलेली. दुकानात उलटीसुलटी करून बघितलीय," तो म्हणाला. "किटली कुठंय?"

"तिच्यात काय बघायचंय? झाकणाची मूठ तुटलीय. चिंधी बांधलीय तिथं."

"कधी तुटली?"

"आपला जिब्रान झाला त्या महिन्यात. अंगात ताकद नव्हती. हातातून सुटली."

"मला कुणी सांगितलं नाही."

"किटली पडली म्हणून मस्कतला फोन करायचा?"

ती हसली. तो हसला नाही. कपाच्या सोनेरी कडेवरून त्यानं नुसतं बोट फिरवलं.

"मग एकदा माझंच काढा की," ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. या घरात माणसाचा चेहरा कुणी काढत नसे. भिंतीवर काबा आणि कुराणातली आयत, बस्स.

"चेहरा काढत नाहीत ना," इसहाक म्हणाला. "म्हणून तर."

पायपुसणं, बरणी, टोपलं; सगळं तिच्याच हाताखालचं, हे तिच्या आता ध्यानात आलं. ती आत गेली, पुन्हा स्टुलावर चढली. किटली आणून कपबशीच्या जागी ठेवली. चिंधी एका बाजूला कलली होती, ती सारखी करायला तिनं बोटं लावली.

"हात तसाच राहू दे," तो म्हणाला.

चित्रात हात चालतो का? तिला माहीत नव्हतं. कुणाला विचारायचं, तेही कळेना. इसहाकचा ब्रश कागदावर टेकला होता.

आतून भात करपल्याचा वास आला.

"अम्मी, भात," अनमनं हाक दिली.

"तूच बघ गं," रहिमुन्निसा म्हणाली. "मला आत्ता हलता येत नाही."