कणगीला दिलेला निळा रंग

मित्रांनो, मी एक जुनी कणगी आहे. धान्य साठवायची, बांबूच्या पट्ट्यांची, माणसाच्या खांद्याला लागेल एवढी उंच. पोट मोठे, तोंड लहान. बोलायला लागले की जरा फुशारकी मारते, तेवढे चालवून घ्या.

एका घरच्या आजोबांनी मला विणले आणि आजींनी आतून-बाहेरून शेणमातीने लिंपले. तळाशी राखेचा थर, त्यावर खडखडीत वाळवलेले धान्य, वर पुन्हा राख. खायचे धान्य आणि बियाणे, दोन्ही माझ्याच भरवशावर असे. पाहुण्यांसमोर आजी माझ्या पाठीवर थाप मारायच्या, तेव्हा मी आणखी फुगायचे.

पुढे पत्र्याची कोठी आली. ती उंदरांना दाद देत नाही, हे मी मान्य करते. पण माझी रवानगी मागच्या पडवीत झाली आणि कोंबड्यांनी माझ्या पोटात बाळंतपणे सुरू केली. फार वाईट वाटायचे. सांगणार कोणाला?

मग घरची नात नववीत गेली. पोटापाण्याच्या जुन्या पद्धतींवर विज्ञानाचा प्रकल्प करणाऱ्या मुलांना एक संस्था अनुदान देणार, असे शाळेत जाहीर झाले. ती तडक पडवीत आली आणि तिने कोंबडीला हुसकावले.

"आई, हिला शाळेत नेते."

"अगं, लोक हसतील!"

"हसू देत. हिच्यात धान्य टिकतं म्हणतात, पण का टिकतं ते कुणी तपासलंय?"

खरेच, कोणी तपासले नव्हते. माझे मलाही ठाऊक नव्हते.

शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि पाणी नसलेला नळ. तिथे मी आणि तशीच एक पत्र्याची कोठी शेजारी शेजारी उभ्या राहिलो. दोघींत सारखेच धान्य. नात दर शनिवारी मूठभर धान्य चाळून किडे मोजायची. कोठीत थोडे सापडत, माझ्यात नाहीच. पण कारण शोधायला आतला दमटपणा मोजायचे यंत्र हवे होते, आणि ते अनुदानाशिवाय येणार नव्हते.

मुख्याध्यापक मनाने चांगले, पण त्यांना चकचकीतपणाची भारी हौस. संस्थेचे पाहुणे येणार म्हटल्यावर सुट्टीत त्यांनी शिपाईकाकांकडून मला आतून-बाहेरून निळा ऑइलपेंट देववला आणि धान्य पुन्हा भरले. माझा जीव गुदमरला. धान्याला घाम फुटला, कुबट वास सुटला आणि किडे वळवळू लागले. वरून कीर्तन, आतून तमाशा!

सुट्टी संपल्यावर नातीने झाकण उघडले आणि किडक्या धान्याची मूठ विज्ञानाच्या बाईंपुढे धरली. बाई हळूच म्हणाल्या, "आधीचे आकडे आहेत ना, तेच दाखवू. झाकण उघडायचंच नाही."

पाहुण्या मॅडम आल्या. "छान रंगवलीय हो!" मुख्याध्यापक खुलले. नात पुढे झाली. मग तिने स्वतःच माझे झाकण काढले.

"मॅडम, आत हात घालून बघा."

मॅडमच्या तळहातावर किडे चालू लागले. मुख्याध्यापकांना एकाएकी खोकला आला.

"रंग दिल्यावर हे झालं," नात म्हणाली. "हिला हवा मिळत नसावी. पण नक्की नाही सांगता येत, मोजायला यंत्रच नाही."

"आणि यंत्र मिळालं तर?"

"तर नवी कणगी लिंपून हिच्या शेजारी ठेवीन. माझं चुकत असलं तर तसंच लिहीन. हिचा रंग मात्र खरवडून टाकते."

"अजिबात नको!" मॅडम हसल्या. "हा रंगच तर तुझा प्रयोग आहे. राहू दे तसाच."

अनुदान मिळाले, मित्रांनो! यंत्र आले. त्याची एक तार माझ्या पोटात असते, एक नव्या कणगीच्या. तिला आजोबांनी नातीला हाताशी घेऊन विणले. तिचे धान्य निरोगी आहे, माझे नासलेले. आकडे फळ्यावर लिहिताना नातीचा खडू दोघींच्या नावापुढे सारखाच जोरात चालतो.

तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू अडगळीत असेल. तिला रंगरंगोटी करून कोपऱ्यात उभी करू नका. तिला प्रश्न विचारा, कामाला लावा. माझ्याकडे पाहा. माझ्या पोटात आज किडेच किडे आहेत आणि माझी मान ताठ आहे.