लालासाब पिंजाऱ्याची खुंटी

लग्न होऊन दोन दिवस झाले नाहीत तोच लालासाब पिंजाऱ्यानं माजघराच्या भिंतीत एक खुंटी ठोकली. चांगली सागवानी, वीतभर लांब. नव्या नवरीनं, म्हणजे मेहरुन्निसानं, ही कशाला म्हणून विचारलं. लालासाब म्हणाला, फेट्याला. कुस्ती मारली की मानाचा फेटा मिळतो, तो काय जमिनीवर ठेवायचा? या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती, आणि त्या खुंटीवर कांद्यांची पिशवी लटकत होती.

काळ शाहू महाराजांचा. कोल्हापुरात तेव्हा ज्याला दोन पाय आहेत तो तालमीत जायचा, तसा लालासाबही जायचा. पण तो पडायचा. उभा राहिला की पडायचा, सलामी देऊन पडायचा, एकदा तर समोरचा पैलवान लंगोट आवळत असतानाच हा आपला आपण पडला. स्वभावानं गरीब, दिवसभर धनुकली घेऊन कापूस पिंजणार, मिशीत कापूस, भुवयांत कापूस. असल्या माणसाला कुस्ती शोभत नाही हे गंगावेशीच्या सगळ्या वस्तीला कळत होतं. त्याला एकट्याला कळत नव्हतं.

त्यात मेहरुन्निसाचा भाऊ शमशुद्दीन. या गड्यानं तीन फेटे मिळवले होते आणि दर ईदेला त्यांतला एक बांधून तो बहिणीकडे शिरखुर्मा प्यायला यायचा. बसायचा नेमका खुंटीखाली. वर बघायचा, कांद्याची पिशवी बघायचा आणि "कांदं बरं दिसत्यात, दाजी," एवढंच म्हणायचा. लालासाब हसायचा, पण त्याला ते फार लागायचं. मेहरुन्निसा कधी काही बोलली नाही, आणि ते त्याहून जास्त लागायचं.

अशात श्रावण संपता संपता दवंडी पिटली. दसऱ्याच्या तोंडावर पळण्याची शर्यत होणार. गंगावेशीतून निघायचं, पंचगंगेचा पूल ओलांडायचा, वडणग्याच्या फाट्यावरच्या वडाला वळसा घालायचा आणि परत यायचं. सगळे मिळून दोन-अडीच कोस. पहिल्याला मानाचा फेटा. लालासाबनं विचार केला की पळण्यात समोर कुणी धरणारा नसतो, म्हणजे पाडणार कोण? आणि त्यानं नाव दिलं.

तयारी मात्र त्याला एकच ठाऊक होती, ती पैलवानाची. पहाटे उठून तीनशे बैठका, त्यावर बदामाची थंडाई, त्यावर तूप घालून शिरा, त्यावर गंगावेशीच्या कट्ट्यावर शेरभर धारोष्ण दूध. कट्ट्यावर म्हशी उभ्या असायच्या, गिऱ्हाईक पेला घेऊन उभं राहायचं आणि गवळी त्याच्या पेल्यातच धार काढून द्यायचा. लालासाब दोन पेले रिचवायचा, मिशीवरचा फेस पुसायचा आणि पळायला निघायचा. पुलापर्यंत जायचा. तिथं कठड्याला टेकून पोटातलं दूध हलायचं थांबेपर्यंत उभा राहायचा आणि मग चालत घरी यायचा. आठ दिवसांत तो पावशेरही कमी झाला नाही, उलट सदऱ्याची बटणं तुटली.

हे सगळं झुंबरबाई गवळण रोज कट्ट्यावरून बघत होती. ही विधवा बाई, जिभेनं तिखट. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता, आणि त्याच्यामागे तिच्याजवळ राहिली होती चांदी नावाची एक म्हैस. चांदीचंही एक दुखणं होतं. दिवाळीच्या पाडव्याला गवळी म्हशी सजवून पळवतात. मालक पुढे हाका मारत पळतो आणि म्हैस त्याच्यामागे. जी म्हैस हलगीच्या आवाजाला न बुजता शेवटपर्यंत हाकेमागं येते तिच्या शिंगांना फेटा बांधतात, आणि तो फेटा मग तिच्यापुढे पळालेल्या माणसाच्या डोक्यावर जातो. म्हशीनं कमवायचा आणि माणसानं मिरवायचा, अशी रीत. झुंबरबाईचा नवरा गेल्यापासून चांदीपुढे पळायला कुणी नव्हतं, आणि बाईचे गुडघे तर उठता-बसता वाजायचे.

एके दिवशी तिनं लालासाबच्या पेल्यात अर्धीच धार सोडली आणि हात थांबवला.

"लालाभाई, तुमी का थांबताय सांगू? तुमच्या मागं कोन न्हाय म्हनून. माझी म्हस घ्या मागं."

लालासाबला आधी ते थट्टेचं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे बाई खरोखरच चांदीचं दावं सोडून उभी राहिली. हाक तिनं शिकवली. आधी जिभेनं हुर्रर्र करायचं आणि मग लांब सूर काढून "चांदेऽऽ, ये गं" म्हणायचं. लालासाबनं हाक मारली आणि पळाला. मागं गळ्यातली घंटा वाजायला लागली. त्यानं एकदा मागे वळून पाहिलं, तर बारा मणांचं ते काळं धूड कान मागे टाकून त्याच्याकडेच येत होतं. त्या दिवशी लालासाब पुलावर थांबला नाही. पुलाच्या पलीकडेही थांबला नाही. वडणग्याच्या वडालाच जाऊन बिलगला, आणि चांदी त्याच्या पाठीला नाक लावून फुसफुसत उभी राहिली.

मग रोजच हे सुरू झालं. थंडाई सुटली, शिरा सुटला, सदऱ्याला पुन्हा बटणं लागली. महिन्याभरात माणूस आणि म्हैस दोघंही तयार झाली. लालासाब हाक मारायचा, पाय उचलायचा, हाक मारायचा, पाय उचलायचा. धनुकलीच्या ठेक्यावर कापूस पिंजावा तसं ते त्याच्या अंगवळणी पडलं. इतकं, की हाकेशिवाय पाय उचलत नाही हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. ही चूक पुढे त्याला भोवली म्हणायची की पावली म्हणायची, ते तुम्हीच ठरवा.

शर्यतीच्या दिवशी सकाळी गंगावेशीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. शर्यतीचे मुखत्यार होते वर्धमान मास्तर. हे कुठल्याशा शाळेत कवायत शिकवायचे. त्यांच्याकडे साखळीचं घड्याळ होतं आणि स्वतः लिहिलेले बावीस नियम होते. ते त्यांनी एका ओट्यावर चढून सगळेच्या सगळे वाचून दाखवले. नववा नियम असा की शेवटच्या दोरीला ज्याचं अंग प्रथम लागेल तो पहिला. चौदावा असा की कोणीही जनावरावर बसून येऊ नये. हा चौदावा ऐकून लोक हसले, पण मास्तरांचं म्हणणं असं की कोल्हापूरच्या माणसाचा भरवसा नाही, अर्ध्या वाटेत कुणाचं तरी घोडं धरून येईल. दोरी त्यांनी स्वतः मोजून बांधली, दुधाच्या कट्ट्यासमोर. तिथं चांदीची रोजची उभी राहायची जागा होती, पण मास्तर दूध घरी मागवत असल्यामुळे हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

सत्तावीस गडी होते. त्यांत शमशुद्दीनही होता. चौथा फेटा घ्यायला आलोय, असं तो ज्याला त्याला सांगत होता.

बिगूल वाजला आणि सगळे सुटले. लालासाब जागेवरच. त्यानं पाय उचलायचा म्हटलं, पाय उचलेना. मागं काही नव्हतं. ना घंटा, ना खूर, ना मानेवर गरम श्वास. लोकांनी ओरडून ओरडून त्याला ढकललं तेव्हा तो चालायला लागला, आणि पुलापर्यंत गेला तो सव्विसाव्या नंबरानं. सत्ताविसाव्या नंबराच्या केरबा तेल्याच्या पायात काटा मोडला होता.

वडाला वळसा घालताना त्याला रडू आलं. उगाच कशाला लपवा, आलं. ती खुंटी त्याच्या डोळ्यांपुढे आली, कांद्याची पिशवी आली, पुढच्या ईदेला शमशुद्दीन काय म्हणेल ते ऐकू यायला लागलं. मेहरुन्निसा काही म्हणणार नाही, हे तर त्याहून आधी ऐकू आलं. तसाच पाय ओढत तो परत फिरला; बाकीचे गडीही दमून चालायला लागले होते, आणि ते पुलावर शिरले तेव्हा हा थोडाच मागे होता. आणि मग, पूल शे-दोनशे पावलांवर राहिला असताना, लालासाबच्या तोंडून हुर्रर्र निघालं आणि त्यामागून लांब सूर निघाला, "चांदेऽऽ, ये गं."

तो मरेपर्यंत सांगत होता की हाक चुकून सुटली, सवयीनं. आम्ही विश्वास ठेवला. नाही ठेवून करणार काय?

पुलाखाली गावाकडच्या घाटावर झुंबरबाई चांदीला धूत होती. म्हैस गळ्यापर्यंत पाण्यात, डोळे मिटून सुखात. हाक कानावर पडली तसे तिनं डोळे उघडले. बाईच्या हातातलं दावं गेलं, बाई पाण्यात बसली आणि चांदी घाट चढून, निथळत, पुलाच्या गावाकडच्या तोंडाशी आली. लालासाब पुलाच्या पलीकडे होता. मधे पुलावर पंचवीस गडी, समोरून येणारे.

चांदीला त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती फक्त आपल्या माणसाकडे निघाली होती. पण पूल अरुंद आणि म्हैस रुंद. सगळ्यांच्या पुढे होता शमशुद्दीन. तो जातिवंत पैलवान. त्यानं भर पुलावर मांडी ठोकली आणि पवित्रा घेतला. चांदीनं पवित्रा पाहिला नाही. तिनं वेग कमी केला नाही हे पाहून शमशुद्दीननं विचार बदलला आणि तो कठड्यावर चढला. मग एकामागून एक सगळेच चढले. दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर पंचवीस गडी दिवाळीच्या पणत्यांसारखे ओळीनं बसले.

लालासाबजवळ पोचल्यावर चांदी शिकल्याप्रमाणे वळून त्याच्या मागे झाली आणि त्याच्या पाठीवर एक मोठा ओला श्वास सोडला. बस्स. त्याचे पाय उचलले. पुलावरून तो असा निघाला की कठड्यावरून उतरू पाहणाऱ्यांना पुन्हा वर चढावं लागलं. शमशुद्दीनच्या खालून जाताना त्यानं वर पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मेहुणा खुंटीवर होता आणि लालासाब खाली. पण बोलायला दम नव्हता.

गंगावेशीत एकच गलका झाला. दोरी दिसायला लागली. दहा पावलं राहिली, आठ राहिली, आणि तेवढ्यात चांदीला कट्टा दिसला. धार काढायची वेळ झाली होती, आणि कट्ट्याशी पेंडीची पाटी भिजवून ठेवलेली होती. महिनाभर जी म्हैस कधी मागची पुढे झाली नाही ती लालासाबला बाजूला सारून पुढे गेली, शिंगांवर दोरी घेतली आणि पाटीत तोंड घातलं. लालासाब तिच्या शेपटीमागे दोन हातांवर होता.

सगळे वर्धमान मास्तरांकडे बघायला लागले. मास्तरांनी घड्याळ पाहिलं, कागद काढला आणि नियम वाचत बसले. कुणी म्हणे लालासाब बाद, कुणी म्हणे शर्यतच बाद. पण मास्तर नियमाला पक्के. चौदावा नियम पाहिला तर लालासाब म्हशीवर बसलेला नव्हता. इतर नियम पाहिले तर मागे म्हैस नसावी असं कुठं लिहिलेलं नव्हतं. आणि नववा नियम पाहिला तर दोरीला प्रथम ज्याचं अंग लागेल तो पहिला. माणसाचं अंग असं मास्तरांनी लिहिलं नव्हतं. त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण त्यांनी निकाल दिला. पहिली झुंबरबाई गवळणीची म्हैस. फेटा तिला. दुसऱ्या नंबराला बक्षीस नाही.

आता फेटा बांधायचा कुणी? चांदी पेंड खात होती आणि परका जवळ आला की शिंग फिरवत होती. एक शिपाई गेला आणि त्याहून लवकर परत आला. शेवटी मास्तरांनी तो फेटा लालासाबच्या हातात दिला. गुलाबी, जरीकाठी, हातात घेतला तर वजन लागावं असा. ज्याच्यासाठी अकरा वर्षं खुंटी ठोकून ठेवली तो फेटा लालासाबनं आपल्या हातांनी म्हशीच्या शिंगांना बांधला. शेवटचा पेच खोचताना त्यानं तिच्या कपाळावर हात फिरवला. राग त्याला तिचा आला नाही. तिच्यामागे कुणी नसताना ती आली होती, हे त्याला दिसत होतं.

एवढ्यात चिंब भिजलेली झुंबरबाई गर्दी सारत पुढे आली. तिनं म्हशीकडे पाहिलं, लालासाबकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या मास्तरांना जाब विचारल्यासारखं विचारलं.

"म्हशीनं फेटा मारला तर तो कुनाच्या डोक्यावर जातोय, मास्तर? तुमच्या कागदात नसंल तर गावाला इचारा की."

गावाला विचारायची गरज पडली नाही. गावच ओरडलं. पुढे पळाला त्याच्या, पुढे पळाला त्याच्या. मास्तरांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. बाईनं शिंगांवरचा फेटा सोडला, दोन जागी लाळ लागली होती ती पदरानं पुसली आणि लालासाबच्या डोक्यावर तो स्वतः बांधला. बांधता बांधता पाडव्याचंही पक्कं करून टाकलं. लालासाबनं मान डोलावली, तसा फेटा डोळ्यांवर आला.

तो घरी पोचला तो मागे अर्धी गंगावेस आणि चांदी घेऊन. चांदीला आत यायचं होतं, तिला दारात थांबवावं लागलं. माजघरात आल्यावर लालासाबची नजर आधी भिंतीवर गेली. खुंटी रिकामी होती. नुसती रिकामी नव्हती, तेलाचं फडकं फिरवून पुसलेली होती. कांद्याची पिशवी खाली कोपऱ्यात होती.

इतक्यात बातमी लागली का, असं त्यानं विचारलं. कुणी धावत येऊन सांगितलं असेल, असं त्याला वाटलं.

मेहरुन्निसा चुलीशी भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"बातमी कशाची? पिशवी सकाळीच काढली की मी. तुमी पळायला गेलता तवा."