दिवाणखान्याची मागची भिंत

या, असे जवळ सरका. मागच्यांनी पुढे या, दाराशी उभं राहून गोष्ट कानात शिरत नाही, नुसती अंगावरून वारा जावा तशी जाते. आज एका घराची कथा सांगतो. घरं बोलत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी तर अगदी पुढे बसावं. घर बोलतं, फक्त त्याची बोलायची तऱ्हा सावकाश असते आणि ऐकणाऱ्याला आधी आपलं तोंड बंद ठेवावं लागतं. तेच तर अवघड!

गावाबाहेर, उतरत्या माळाच्या टोकाला एक दुमजली घर होतं. पुढून पाहाल तर छाती काढून उभं राहिलेलं. सहा दगडी खांबांची ओसरी, पाच रुंद पायऱ्या, दोन माणसं हात पसरून आत जातील एवढा दरवाजा आणि दरवाजावरच्या दगडावर बांधणाऱ्याचं नाव नि साल कोरलेलं. आत उंच दिवाणखाना, त्याच्या मागच्या भिंतीला धरून वर चढणारा लाकडी जिना. हे झालं पुढचं घर. त्याला मागून चिकटलेलं एक बसकं, जाड भिंतींचं स्वयंपाकघर, वर एक माळ्याची खोली आणि एक काळं धुराडं. पुढचं घर म्हणजे नवरदेव, आणि मागचं स्वयंपाकघर म्हणजे त्याच्या मागे सामान घेऊन चाललेला गडी, असंच बघणाऱ्याला वाटे.

घराचे मालक दादासाहेब. बाहेर थोडे कडक, आतून मऊ. त्यांच्या मनात आलं की स्वयंपाकघर पाडावं, तिथे काचेची मोठी खोली करावी आणि घरात पाहुणे उतरवावेत. पण जुनं घर पाडायचं तर आधी मोजणीच्या कचेरीचा कागद लागतो. म्हणून कचेरीतून बाई आल्या.

या बाईंना सगळे ओळंबाबाई म्हणत. दोरीच्या टोकाला पितळी वजन बांधून भिंत सरळ आहे का बघतात, तो ओळंबा. तो त्यांच्या पर्समध्ये फणीच्या शेजारी असायचा. सव्वीस वर्षं त्यांनी जुनी घरं मोजली होती. कुठली भिंत आधीची, कुठली मागाहूनची, हे त्या बघून सांगत आणि ते खरं निघे. "बाई म्हणाल्या म्हणजे झालं," असं गवंडीसुद्धा म्हणायचे. देवाची कृपा आणि डोळ्यांची सवय, एवढंच त्या म्हणत. पण मनातून, खरं सांगायचं तर, थोडी मानही ताठ होती.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्याच्या दहा दिवस आधी त्यांनी हे घर मोजलं. बाहेरून बघितलं तर पुढचं घर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये वरपासून खालपर्यंत सरळ रेघ. एका बाजूची वीट दुसऱ्या बाजूच्या विटेत गुंतलेली नाही. म्हणजे दोन वेगळ्या वेळची बांधकामं. मग आधीचं कुठलं? दरवाजावर साल कोरलंय, घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की पणजोबांनी मोकळ्या माळावर हे घर उठवलं. बाईंनी अहवालात लिहून टाकलं: "पुढचं घर मूळचं. स्वयंपाकघर मागाहून टेकवलेलं. दोहोंच्या भिंती पाठीला पाठ लावून आहेत. स्वयंपाकघर पाडल्यास मूळ घरास धोका नाही."

एकच गोष्ट जुळली नव्हती. पाठीला पाठ लावलेल्या दोन भिंतींची जाडी मिळून साडेतीन फूट भरायला हवी होती. हिशेबात भरली दोनच फूट. ऊन चढलं होतं, ते शेवटचं माप होतं. बाईंनी कडेला लिहिलं, "फीत झोळली असावी," आणि वही मिटली.

तर आता त्या दिवसाकडे या. सकाळचे नऊ. ठेकेदाराची माणसं स्वयंपाकघराच्या छपरावर चढून कौलं उतरवत होती. बाई आल्या होत्या फक्त शेवटची सही करायला. ती झाली की भिंतींना हात लागायचा.

स्वयंपाकघरात काकू भांडी बांधत होत्या. काकू या घरातल्या नात्याच्या नव्हेत. चाळीस वर्षं इथे स्वयंपाक करत होत्या आणि वरच्या माळ्याच्या खोलीत राहत होत्या. स्वयंपाकघर गेलं की ती खोलीही जाणार. दादासाहेबांनी त्यांना पुढे एक खोली देऊ केली होती. "देताहेत, मोठ्या मनाने देताहेत," काकू म्हणाल्या, "पण तिथून चुलीचा वास येत नाही. झोप कशी लागायची?"

त्यांनी बाईंच्या पुढे चहाचा पेला ठेवला आणि भिंतीतल्या एका खोल कोनाड्यात हात घातला. कोपराच्या वर घातला. तरी पुरेना. मग पळी घेऊन आत चाचपडू लागल्या.

"काय शोधताय काकू?"

"लिंबू! दुसरं काय. एवढं एक बरं होईल बघ पोरी, हा मेला कोनाडा जाईल. चाळीस वर्षांत याने माझं एक लिंबू जागेवर राहू दिलं नाही. ठेवलं की गडगडत आत जातं. कांदा ठेवा, आत. अंडं ठेवलं होतं एकदा, त्याचं काय झालं ते विचारू नकोस."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की! मोठ्या मालकांना सांगितलं, ते हसले. दादांना सांगितलं, ते म्हणाले, काकू, लिंबू चौकोनी आणा."

बाई हसल्या. सहीसाठी उघडलेलं पेन त्यांनी सहज कोनाड्यात ठेवलं. पेन सरसर करत आत गेलं आणि टक्‌कन मागच्या भिंतीला लागलं.

आणि मंडळी, बाईंचं हसू तिथेच थांबलं.

त्यांनी पर्समधून पाणसळ काढली, ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी. कोनाड्याच्या तळाच्या दगडावर टेकवली. बुडबुडा त्यांच्याकडे धावला. उतार आतल्या बाजूला. चांगला बोटभर उतार, आणि तळाचा दगड घडवून, मुद्दाम दिलेला. मग कडांवरून हात फिरवला. कोनाडा त्यांच्या बाजूला रुंद आणि आत अरुंद होत गेलेला.

आता तुम्हीच सांगा, कोनाड्याला उतार कोण देतो? वस्तू ठेवायच्या जागेला कुठला शहाणा गवंडी घसरगुंडी करील? उतार देतात खिडकीच्या तळाला. पावसाचं पाणी आत येऊ नये, बाहेर वाहून जावं म्हणून. ज्या बाजूला उतार, ती बाजू बाहेरची. आणि इथे उतार होता दिवाणखान्याकडे!

म्हणजे एके काळी जिथे आता दिवाणखाना आहे तिथे उघडं आभाळ होतं. म्हणजे हे स्वयंपाकघर आधीचं. आणि म्हणजे... बाईंनी वही उघडली. ते दीड फूट! फीत झोळलीच नव्हती. दुसरी भिंत नव्हतीच. पुढच्या घराने स्वतःची मागची भिंत बांधलीच नव्हती. त्याने स्वयंपाकघराचीच भिंत वापरली होती. सगळ्यांना वाटत होतं स्वयंपाकघर घराला टेकलंय, आणि खरं तर एवढं छाती काढून उभं असलेलं घर स्वयंपाकघराला पाठ टेकून उभं होतं.

वरून कौलं उतरवल्याचे आवाज येत होते. बाईंच्या समोर त्यांचाच अहवाल होता, त्यांच्याच अक्षरातला. सव्वीस वर्षांत एक शब्द मागे घेतला नव्हता. मनात आलं, ठेकेदाराला हळूच बाजूला घेऊन सांगावं की जरा जपून, एखादा टेकू द्या. कुणाला कळणारही नाही. एवढा विचार आला, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली. देवा, भिंत वाकडी असली तर ओळंबा कधी लाजतो का? त्या उठल्या, अंगणात आल्या आणि कंबरेवर हात ठेवून ओरडल्या,

"हात थांबवा! सगळ्यांनी खाली या!"

ठेकेदार धावत आला. "बाई, काय झालं? साप निघाला का?"

"माझी चूक निघाली. भिंतीला हात लावू नका. हे पाडलंत तर दिवाणखान्याचं छत खाली येईल."

"अहो, तुम्हीच लिहिलंय की धोका नाही!" त्याने खिशातला कागद काढला. "हे बघा, वळणदार अक्षर, खाली सही."

"अक्षर चांगलं आहे, मजकूर चुकलाय."

गलका ऐकून दादासाहेब बाहेर आले. बाईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. फीत झोळली असावी असं लिहिल्याचंही सांगितलं. ठेकेदाराने डोळे मोठे केले. "दीड फूट झोळ? बाई, ती फीत होती की पाळणा?"

"पाळणाच," बाई म्हणाल्या, "आणि त्यात मी झोपले होते. आता जागी आहे, तर ऐका."

पण दादासाहेबांचा चेहरा उतरला होता, आणि तो छताच्या काळजीने नव्हे. "बाई, असं कसं होईल? पणजोबांनी मोकळ्या माळावर घर बांधलं. इथे गवताशिवाय काही नव्हतं. वडील सांगायचे, आजोबा सांगायचे."

"चला, मी सांगत नाही. घरच सांगेल."

दिवाणखान्यात जिन्याखाली लाकडी फळ्यांचं आवरण होतं. बाईंनी बाहेरून पावलं मोजली, नेमकी जागा धरली आणि फळीवर टकटक केलं. पोकळ आवाज आला. ठेकेदाराने पहारीने दोन फळ्या सोडवल्या. मागे पातळ विटांचं बुजवण, आणि त्याखाली भिंतीच्या पुढे चार बोटं आलेला दगड. त्याच्या खालच्या अंगाला, ओघळ भिंतीवर न येता खाली टपकावा म्हणून पाडलेली लांब खाच. आणि वरचा पृष्ठभाग पावसाने चघळावा तसा खडबडीत, छिद्राछिद्रांचा झालेला.

"हात लावून बघा दादासाहेब. या छताखाली पाऊस पडतो का? मग हा दगड भिजला कधी?"

दादासाहेबांनी हात लावला. बराच वेळ तो तिथेच होता.

मग बाईंनी फितीचं एक टोक त्यांच्याच हातात दिलं. "ताणून धरा. या वेळी झोळ पडला तर तुमचा." आतून, बाहेरून पुन्हा मोजलं. मधल्या भिंतीची जाडी दोन फूट. एक बोटही जास्त नाही. शेवटी स्वयंपाकघरात शिडी लावून ठेकेदाराने स्वतः वरचा गिलावा खरवडला. काळ्या लाकडाचं एक चौकोनी डोकं दिसलं. मग दुसरं. मग तिसरं. दिवाणखान्याच्या साती तुळयांची डोकी त्या भिंतीत रोवलेली होती.

ठेकेदार शिडीवरून उतरला तो अगदी हळू, जणू पायरी वाजली तरी छत येईल. "दुपारनंतर पहिला घाव इथेच घालणार होतो," तो म्हणाला. "माझी चार माणसं भिंतीपाशी असती." आणि मग थट्टा विसरून त्याने बाईंना हात जोडले.

"मला नको," बाई म्हणाल्या. "मी तर सही करायला आले होते. काकूंच्या लिंबाला जोडा."

दादासाहेब मात्र ओसरीत जाऊन दरवाजावरच्या नावाकडे बघत उभे होते. बाई त्यांच्याशेजारी गेल्या.

"म्हणजे पणजोबा आले तेव्हा इथे आधीच चूल पेटत होती?"

"पेटत होती. धुराड्याचा खालचा भाग भिंतीइतकाच जुना आहे."

"कुणाची?"

"ते घर सांगत नाही. आणि जे घर सांगत नाही ते आता मी लिहिणार नाही."

"मग आम्ही काय सांगायचं लोकांना? खोटं सांगत आलो इतकी वर्षं?"

मागून काकूंचा आवाज आला, हातात पळी तशीच. "खोटं कशाला? पणजोबा आले, चूल पेटलेली बघितली, पोटभर जेवले, आणि मग म्हणाले, आता पुढे घर बांधू. उपाशीपोटी कुणी सहा खांब उभे करतं का, दादा?"

दादासाहेबांनी वळून पाहिलं. आधी ओठ हलले, मग खांदे, आणि मग ते इतके मोठ्याने हसले की छपरावर परत चढणारी माणसं थांबून बघायला लागली. ती माणसं परत चढत होती ती कौलं बसवायला.

स्वयंपाकघर राहिलं. काचेची खोली बाजूला, वेगळ्या पायावर झाली. आणि दादासाहेबांच्या सांगण्यावरून ते बुजवण काढून जुनी खिडकी उघडली. आता दिवाणखान्यात बसलेल्या माणसाला चूल दिसते. काकूंनी त्यावरही कुरकुर केलीच: "आधी लिंबू भिंतीपाशी तरी थांबायचं, आता थेट पाहुण्यांच्या मांडीवर जाणार!"

बाईंनी नवा अहवाल त्याच दिवशी, स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून लिहिला आणि सगळ्यांना वाचून दाखवला. पहिलंच वाक्य होतं: "आधीचा अहवाल चुकीचा आहे, चूक माझी आहे."

ठेकेदार म्हणाला, "बाई, हे वाक्य गाळा की. घर उभं आहे, कोण विचारतंय?"

"घर उभं आहे म्हणून तर लिहिता येतंय," बाई म्हणाल्या, आणि सही केली.

त्यानंतर काकू सात वर्षं त्याच माळ्याच्या खोलीत राहिल्या आणि एका पहाटे, खाली चूल पेटवून, वर जरा पाठ टेकायला गेल्या त्या उठल्या नाहीत. त्यांच्या मागे त्यांचं म्हणावं असं कुणी नव्हतं. तेव्हा मंडळी, तुमच्याकडे एकच मागणं आहे. आज देवापुढे हात जोडाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा शेवटी जरा थांबा आणि त्या काकूंचीही आठवण काढा.