हनुवटीवरचे तीन ठिपके

भिमाबाई नातीचा फ्रॉक घेऊन औषधांच्या दुकानात शिरली, तेव्हा दुकानदार भागवतला वाटलं, म्हातारीचं दुकान चुकलं. कापडवाला पलीकडे आहे असं तो सांगणार, तोच तिने काउंटरवर फ्रॉक नीट पसरला.

"याच्या मापाचा मास्क दे बापू. पोट्टी चार वर्साची हाये."

भिमाबाईचंही काही चुकलं नव्हतं. घरात नसलेल्या माणसासाठी चप्पल असो की बांगडी, तिने जन्मभर अशीच जुनी वस्तू सोबत नेऊन खरेदी केली होती. आता नात नागपूरला, तिच्या तोंडाचं माप पिंपळगाव राजाच्या घरून खामगावच्या दुकानात आणायचं तरी कसं? भागवतला हसू आवरलं नाही, पण त्याने तिला बसायला स्टूल दिलं.

तिने तोवर एक मास्क पसंतही केला होता. गुलाबी, वर चमकीची फुलपाखरं. भागवतने तो दिव्यासमोर धरला.

"पाह्य आजी, यातून दिवा दिसते. हा नुसता शोभेचा हाये. मास्क कसा पाह्यजे, नाकाच्या वरून हनुवटीच्या खालपर्यंत. गालापाशी फट नाही पाह्यजे, अन् लेकराले दम बी घेता आला पाह्यजे."

भिमाबाईने फुलपाखरांकडे एकदा आशेने पाहिलं आणि मास्क परत ठेवला. भागवतने तीन थरांचे, नाकाशी तार असलेले मास्क काढले. लेकरासाठी दोन मापांचे, मोठ्यांसाठी वेगळे. "जे माप सैल होईल ते वापस आणजो," तो म्हणाला. एवढी माया परक्या माणसाने केली म्हणून तिचे डोळे लगेच भरून आले. हल्ली तिचं तसंच होत असे.

मयुरीला रक्ताचा आजार निघाला, तेव्हापासून मुलगा संघपाल आणि सून राखी तिला घेऊन नागपूरला होते, दवाखान्याजवळच्या एका खोलीत. रक्त लागलं तेव्हा गावातली पोरं शेगावहून गाडी धरून नागपूरला गेली होती. विहारात वंदना झाली की भिमाबाई त्या पोरांची नावं मनात एकेक करून घेई. आता औषध लागू पडलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, घरी न्या, पण साधी सर्दीही तिला जड जाईल. जवळ येणाऱ्या प्रत्येकाने मास्क लावायचा, चार माणसांत पोरीनेही लावायचा. हे जमणार नसेल तर नागपूरच्या खोलीवरच राहा.

मयुरी आली त्या दिवशी भिमाबाई मास्क लावून, हात धुऊन दारात उभी होती. गाडीतून उतरलेल्या नातीच्या डोक्यावर केस नव्हते, डोळे तेवढे मोठे दिसत होते. भिमाबाईने हात पुढे केले. मयुरीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि किंचाळत आईच्या मानेला मिठी मारली.

"सुईवाली! सुईवाली आली!"

आईबाप सोडले तर तिच्या लेखी मास्क लावलेलं माणूस म्हणजे सुई टोचणारं माणूस. स्वतःचा मास्कही तिने ओढून अंगणात फेकला.

"अवो बाई, आजी हावो मी तुही!" भिमाबाईचा हात मास्क काढायला कानाकडे गेला.

"माय, नको!" संघपाल ओरडला. हात तिथेच थांबला.

झोपताना मयुरी आजीच्या हनुवटीवरच्या गोंदणाचे तीन हिरवे ठिपके बोटाने दाबत असे. ते दाबल्याशिवाय तिला झोप येत नसे. आता ते ठिपकेच मास्कखाली गेले होते. पोरीने ओळखावं तरी कशावरून?

राखी आतल्या खोलीत पोरीला थोपटत होती. "असंच चाललं तर खोलीवर वापस जा लागन," ती थकून म्हणाली. भिमाबाई उठली. सैपाकघरात जाऊन तिने कोरा मास्क घेतला, सुईत हिरवा दोरा ओवला आणि हनुवटीच्या जागी टाके घालायला बसली. मयुरीला झोपवून राखी पाण्याला आली, तोवर दोन ठिपके झाले होते.

"आई, काय करून राह्यल्या हो? सुईनं भोकं पडली ना त्याले! आता तो काय कामाचा?"

"मंग माह्या नातीनं मले वळखावं कसं?" भिमाबाईने विचारलं.

राखीने मास्क हातात घेतला. ते दोन हिरवे टाके ती बघतच राहिली. मग मयुरीच्या पिशवीतून तिने हिरवा स्केचपेन आणला, नवा मास्क काढला आणि वरच्या थरावर अलगद तीन ठिपके काढले. वाळू दिले. स्वतःच्या हाताने तो सासूच्या तोंडावर बसवला, नाकाची तार दाबली, गालाशी फट राहिली नाही ना पाहिलं.

जागी झाल्यावर मयुरीने दारात कोण उभं आहे ते पाहिलं. ओठ रडायला वाकडे झाले. मग नजर खाली सरकली.

"एक, दोन, तीन," ती हळूच म्हणाली. "आजी?"

"हाव माय! आजीच!"

"मले बी काढ."

भागवतने दिलेला लहान मापाचा मास्क मयुरीला नेमका बसला. त्यावर भिमाबाईने तीन ठिपके काढले, ते थोडे वाकडेच आले. मास्क लावून पोरगी आजीच्या मांडीवर येऊन बसली, तिथूनच तिने हुकूम सोडला, "पप्पाले बी काढ." संघपालने कोरा मास्क पुढे केला.

गोंदण म्हटलं की राखी लग्नापासून नाक मुरडत आली होती. ती उंबऱ्याशी उभी राहून हे पाहत होती. ती जवळ आली आणि सासूसमोर बसली. इतक्या महिन्यांत दवाखान्यात एकदाही न रडलेल्या त्या बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आई, मले बी काढा."

भिमाबाईने पेन खाली ठेवला आणि आधी सुनेचे दोन्ही हात धरले.

"तू माहं लेकरू घरी आणलं बाई," ती म्हणाली. "तुहे उपकार कसे फेडू?"

मग तिने पेन उचलला आणि राखीच्या मास्कवर ठिपके काढले, यावेळी अगदी सरळ.